होम थिएटरची घूं घूं आणि घरातलं अर्थिंग

दुपारचं आवरून, कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओजवळ बसला असाल. मी तुमच्यासारखीच बचत गटातली बाई. आता गटांची समन्वयक म्हणून गावोगाव बैठकांना जाते. एरवी मी इथे आले की वह्या, हप्ते, बँकेचं कर्ज यावरच बोलते. आज मात्र होम थिएटरबद्दल बोलणार आहे. हसू नका. होम थिएटरच्या एका कर्जानं आमच्या गटाला जो धडा दिला, तो तुमच्याही घराला लागू पडेल.

झालं असं. आमच्या एका गटातल्या वहिनींनी बैठकीत १५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "नवं होम थिएटर घ्यायचंय." दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. पण वहिनींची अडचण खरी होती. त्यांच्या सासूबाईंची नजर गेल्यात जमा. कानही मंद. दिवसभर खाटेवर बसून त्यांना विरंगुळा एकच, टीव्हीवरचं कीर्तन ऐकणं. त्यासाठी मुलानं दोन वर्षांपूर्वी ॲम्प्लिफायर आणि पाच स्पीकरचा संच आणून टीव्हीला जोडला होता. म्हातारी खूश होती. पण घरात नवा बोर्ड बसवला, डिश परसात हलवली, आणि तेव्हापासून संचातून सारखी घूं घूं यायला लागली. संध्याकाळी तर इतकी, की कीर्तनकाराचे शब्दच कळेनात. "भुंगा शिरलाय त्यात," असं सासूबाई म्हणायच्या. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, संच गेला, नवा घ्या.

आम्ही कर्ज मंजूर केलं. वहीवर सही माझीच. नवा संच आला, जुना माळ्यावर गेला. त्याच रात्री वहिनींचा फोन, "ताई, भुंगा नव्यातही आहे हो!"

दुकानदाराला विचारलं तर त्यानं फोनवरच उपाय सांगितला, "थ्री पिनची वरची जाड पिन मोडून टाका." मुलानं पक्कड घेतली आणि पिन मोडली. आवाज एकदम स्वच्छ! वहिनी खूश, सासूबाई खूश आणि मीही खूश. चला, गटाचे पैसे सत्कारणी लागले.

पंधरा दिवसांनी बैठकीत वहिनी सहज बोलून गेल्या, "ओल्या फडक्यानं तो डबा पुसला की हाताला मुंग्या येतात." मी विचारलं, "सासूबाई हात लावतात का त्याला?" तर त्या म्हणाल्या, "दिसत नाही ना त्यांना. डबा चाचपूनच आवाजाचं बटण शोधतात."

माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याहून परवाना असलेला वायरमन बोलावला. त्यानं जे दाखवलं आणि समजावलं, तेच आज तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

संच आवाज कशातून बनवतो?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. ती एकसारखी वाहत नाही, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. डीपीखालून जाताना जो घुमल्यासारखा आवाज येतो ना, तो या हेलकाव्यांचाच.

ॲम्प्लिफायरला मात्र एकसारखी वीज लागते. म्हणून त्याच्या आत आधी एक ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, मग डायोड नावाचे भाग विजेला एकाच दिशेनं जाऊ देतात. तरीही ती सेकंदाला १०० वेळा उसळत उसळत येते. ती साठवून एकसारखी करायला आत कपॅसिटर असतात. आपल्या गावात नळ सारखा येत नाही, ठरावीक वेळी येतो. आपण रांजण भरून ठेवतो आणि दिवसभर तांब्यानं घेतो. कपॅसिटर म्हणजे ॲम्प्लिफायरचा रांजण. स्पीकरला जी ताकद मिळते ती या रांजणातून. टीव्हीकडून येणारा आवाजाचा इशारा फक्त सांगतो, केव्हा किती ओतायचं.

हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं. आवाज बिघडतो तो तीन प्रकारे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. एक, सारखी घूं घूं. दोन, मधेच चट-चट किंवा टर्र. तीन, आवाज मोठा केला की फाटतो.

घूं घूं येते कुठून?

सगळी बाहेरची जोडणी काढून फक्त संच चालू केला, तरी घूं येत असेल तर दोष बहुतेक संचाचाच. त्याचा रांजण म्हणजे कपॅसिटर जुना होऊन वाळलेला असतो. दुरुस्तीवाला तो बदलून देतो. पण टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सची वायर काढल्यावर घूं थांबत असेल, तर संच ठीक आहे. दोष घराच्या वायरिंगमध्ये किंवा जोडणीत शोधायचा. ही एक परीक्षा आम्ही आधी केली असती, तर १५,००० रुपये वाचले असते.

आता वहिनींच्या घरात काय होतं ते ऐका. घरात विजेच्या तीन तारा असायला हव्यात. फेजमधून वीज येते, काम करून न्यूट्रलमधून परत जाते. तिसरी अर्थिंगची तार घरापासून थेट जमिनीत जाते. रोजच्या वापराची वीज तिच्यातून वाहायची नसते. ती संकटकाळची वाट. फेजची तार सुटून डब्याला चिकटली, तर वीज आपल्या अंगातून न जाता त्या वाटेनं जावी, यासाठी ती.

वायरमननं मेन स्विच बंद करून नवा बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाच्या मागे जमिनीकडे जाणारी तारच नव्हती! बोर्ड बसवणाऱ्यानं बोटभर वायरचा तुकडा घेऊन ते भोक न्यूट्रलला जोडून ठेवलं होतं. टेस्टरनं बघितलं तर सगळं बरोबर दिसतं. बिल्डिंगा असोत की वाड्या-वस्त्या, ही चालाखी बऱ्याच ठिकाणी केलेली असते.

तुम्ही म्हणाल, न्यूट्रल तर डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते, मग बिघडलं कुठे? डीपीपाशी ती जमिनीच्या बरोबरीची असते हे खरं. पण आपलं घर डीपीपासून लांब. मधल्या तारेचा थोडा विरोध असतो. समजा तो १ ओम आहे आणि घरात ५ अँपिअरचा वापर चालू आहे. मग आपल्या घरातली न्यूट्रल जमिनीपेक्षा ५ व्होल्टनं वर असते. त्या खोट्या जोडामुळे ॲम्प्लिफायरचा पत्र्याचा डबाही ५ व्होल्टनं वर गेला. दुसरीकडे परसातली डिश जमिनीत रोवलेल्या लोखंडी पाइपावर. म्हणजे डिशची केबल आणि तिला जोडलेला सेट टॉप बॉक्स जमिनीच्या बरोबरीला. या दोघांना जोडणारी वायर एकच, आवाजाची. डब्याकडून जमिनीकडे जायला विजेला वाट मिळाली, ती त्या बारीक वायरच्या जाळीतून.

टीव्हीकडून येणारा आवाजाचा इशारा जेमतेम एक-दोन व्होल्टचा. त्याच वायरीत ५० हेलकाव्यांची ही आगंतुक वीज घुसली, ॲम्प्लिफायरनं इमानेइतबारे तीही मोठी करून ऐकवली. हाच तो भुंगा. संध्याकाळी घराघरात दिवे, मोटार, मिक्सर चालू झाले की न्यूट्रलमधला भार वाढतो, म्हणून भुंगाही वाढायचा. नवा बोर्ड आणि डिशची नवी जागा, दोन्ही एकदमच झालं, म्हणून घूंही तेव्हाच सुरू झाली. सासूबाईंना हे बरोबर आठवत होतं. आम्हीच विचारलं नाही.

पिन मोडल्यावर घूं थांबली ती का? कारण डब्याची न्यूट्रलशी असलेली जोडणी तुटली. रोग बरा झाला नव्हता, फक्त ओरड थांबली होती.

मुंग्यांना हसण्यावारी नेऊ नका

अर्थिंग नसलेल्या संचाच्या डब्याला हात लावला की मुंग्या येऊ शकतात. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांतून किंवा आतल्या फिल्टरमधून थोडीशी वीज डब्यापर्यंत झिरपते. अर्थिंग असतं तर ती जमिनीत निघून गेली असती. नसलं की आपल्या हातातून जाते. अनवाणी पाय, शेणानं सारवलेली ओली जमीन, हातात ओलं फडकं असलं की जास्त जाणवते. ही झिरप बहुतेक वेळा अगदी थोडी असते. पण मुंग्या झिरपीच्या आहेत की आत फेजची तार सुटल्याच्या, हे आपल्या हाताला कळत नाही. म्हणून मुंग्या आल्या की वस्तू बंद करायची, कोरड्या हातानं पिन काढायची आणि वायरमन येईपर्यंत लावायची नाही.

आणि तो न्यूट्रलचा खोटा जोड? तो तर याहून वाईट. घरात येणारी न्यूट्रल कुठे सुटली आणि घरात एखादा दिवा जरी चालू असला, तरी फेजची वीज त्या दिव्यातून न्यूट्रलच्या तारेत येते आणि तिथून खोट्या जोडातून ॲम्प्लिफायरच्या, फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर. सगळे पत्रे एकदम २३० व्होल्टला जिवंत. दिवे लागत नाहीत, म्हणून वाटतं लाइट गेली. आणि आपण निर्धास्तपणे फ्रीज उघडायला जातो.

थ्री पिनमधली वरची पिन लांब आणि जाड असते, हे तुम्ही पाहिलं असेल. ती शोभेला नाही. पिन बोर्डात घालताना आधी अर्थिंग जोडलं जावं आणि काढताना ते सगळ्यात शेवटी सुटावं, म्हणून ती लांब. ती मोडणं, किंवा टू पिनच्या भोकात काडी घालून थ्री पिन बसवणं, म्हणजे घराची कडी काढून झोपण्यासारखंच.

वायरमननं काय केलं?

आधी तो खोटा जोड काढला. मग घरामागे ओल टिकते अशा जागी खड्डा घेऊन अडीच मीटरचा जीआय पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि वरून पाणी घालायला तोंड ठेवलं. तिथून तार आणून प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला जोडली. मोडक्या पिनेच्या जागी नवी आयएसआय छापाची थ्री पिन लावली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, असं बजावलं, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, "ताई, अजून नाही. आरसीसीबी बसवा." मी विचारलं, "एमसीबी आहे की!" त्यावर त्यानं हिशोब मांडला. समजा खड्ड्याचा विरोध २० ओम आहे. फेज डब्याला चिकटली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वीज जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर पडणारच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवायला नाही. आरसीसीबी वेगळं काम करतो. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज, दोन्ही सारखी आहेत का हे तो सतत मोजतो. आपण गटाची रोकड आणि वही जुळवतो ना, तसंच. घरासाठीच्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तो क्षणात वीज तोडतो. एक अँपिअरचे हजार भाग केले, त्यातले तीस. मात्र कुणी एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरली, तर त्याला फरक दिसत नाही. म्हणून तो आहे म्हणून बेफिकीर व्हायचं नाही. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघायचं. आम्ही बैठकीचा दिवस हाच बटण दाबायचा दिवस ठरवला आहे.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर, तिन्ही त्यानं एकाच बोर्डावर घेतले. वेगवेगळ्या खोल्यांतल्या बोर्डांवर लावले की त्यांच्यात पुन्हा थोडा फरक पडून बारीक घूं येऊ शकते. तरीही उरली, तर आवाजाच्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो. तो आवाज जाऊ देतो, पण ती आगंतुक वीज अडवतो. आवाजाच्या वायरीवर उपाय करायचा, अर्थिंग तोडून नाही.

संच चालू केला. कीर्तनकारानं श्वास घेतलेलाही ऐकू आला. मग वायरमन म्हणाला, जुना काढा बघू. माळ्यावरून जुना संच काढला, धूळ झटकली, जोडला. तोही स्वच्छ वाजला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. नव्या संचाची पिन मोडलेली, म्हणून दुकानदारानं तो परत घ्यायला नकार दिला होता. त्याचे हप्ते त्या अजून फेडत आहेत. अर्थिंग आणि आरसीसीबी मिळून खर्च आला तो त्या कर्जाच्या निम्म्याहूनही कमी.

चट-चट आणि टर्र

दुसऱ्या प्रकारचा आवाज मधेच येतो. मिक्सर लावला की टर्र येते, कारण मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात आणि तिथे सतत बारीक ठिणग्या उडतात. त्यांचा उपद्रव वायरीतून आणि हवेतून संचापर्यंत पोचतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा यांनीही असंच होतं. कुणी काय चालू केल्यावर आवाज येतो ते दोन दिवस वहीत लिहा, चोर सापडतो. संच त्या वस्तूपासून लांबच्या बोर्डावर लावा. आवाजाची वायर आणि विजेची वायर एकत्र गुंडाळू नका.

इन्व्हर्टरवर संच घुरघुरतो आणि लाइट आली की शांत होतो, असंही होतं. स्वस्त इन्व्हर्टर विजेचे गोल हेलकावे न देता चौकोनी पायऱ्या देतो, त्यानं पंखाही गुणगुणतो. साइन वेव्ह लिहिलेल्या इन्व्हर्टरवर हा त्रास नसतो.

पण काहीच चालू केलं नाही, पिन हलवली की चट-चट होतं, बोर्ड कोमट लागतो किंवा जळकट वास येतो, तर मात्र थांबायचं नाही. ती ढिली जोडणी असते. ढिल्या जोडणीत ठिणगी पडते, ती तापते, आणि आग तिथूनच लागते. मेन बंद करून वायरमनला बोलवा.

संध्याकाळी आवाज फाटतो

तिसरा प्रकार कमी व्होल्टेजचा. डीपीपासून शेवटच्या घराला पाण्याच्या पाइपलाइनच्या शेवटच्या नळासारखंच मिळतं. मोटारी, शेगड्या, दिवे सगळं एकदम चालू झालं की व्होल्टेज १७० पर्यंतही उतरतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या संचाचा रांजण मग अर्धवटच भरतो. १७० व्होल्टला त्याची जास्तीत जास्त ताकद जवळपास निम्मी होते. हळू आवाजात फरक कळणारही नाही. पण बटण पूर्ण फिरवलं की रांजणात जेवढं आहे त्याहून जास्त मागितलं जातं. मग आवाजाच्या लाटांचे शेंडे खुडले जातात, आणि तोच फाटका आवाज आपल्याला ऐकू येतो. असा खुडलेला आवाज बराच वेळ वाजवला तर बारीक आवाजाचे छोटे स्पीकर जळतात. म्हणून व्होल्टेज कमी असताना आवाज वाढवायचा नाही, कमी करायचा.

संचाच्या पाठीमागे १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर त्याला कमी व्होल्टेजचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या आतली यंत्रणा स्वतःच जुळवून घेते. त्याला स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. जुन्या पद्धतीच्या संचाला स्टॅबिलायझरचा उपयोग होतो, पण घूं घूं त्यानं जात नाही आणि अर्थिंगची जागा तो घेत नाही.

कधी दोष घरातच असतो. आमच्याकडे लग्नसराईत एकाच लांब वायरवरून हीटरही आणि संचही. ३० मीटरची, १ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर धरली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध १ ओमच्या आसपास. २००० वॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणजे ९ व्होल्ट वायरीतच गेले आणि वायर तापली ती वेगळी. गुंडाळी न सोडता वापरली तर आणखी तापते. संचाला स्वतःला अँपिअरभरही लागत नाही. त्याला बिचाऱ्याला हीटरच्या पंगतीला बसवू नका.

एक खूण मात्र सगळ्यांनी पाठ करा. एका घरात दिवे डोळे दिपतील इतके प्रखर, शेजारच्या घरात मंद, किंवा प्रखर-मंद होत आहेत, तर डीपीकडची न्यूट्रल तुटलेली असू शकते. अशा वेळी घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. दिवा गेला की बघू, असं म्हणायचं नाही. धावत जाऊन मेन बंद करायचा, शेजारणींना हाक मारायची आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार करायची. वीज तक्रारीसाठी हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक लिहून घ्या. रोजचं कमी व्होल्टेज असेल तर एकटीनं नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं आणि वेळा लिहून गटातर्फे अर्ज द्या. आणि आकडा टाकलेला असेल तर तो काढा. आकड्याचा भार हिशोबात नसतो, व्होल्टेज त्यानंही उतरतं, आणि जिवाशी खेळ तो वेगळाच. पावसाळ्यात विजा कडाडायच्या आधीच संचाची पिन आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवा. वीज तारेतून येते तशी केबलमधूनही येते.

पैसे कुठे घालू नयेत?

खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो आकडा कागदावरचा. आरएमएस वॉट किती ते विचारा, तो खरा. विजेची महागडी, सोनेरी टोकाची वायर लावली की आवाज गोड होतो असंही कुणी सांगेल. डीपीपासून घरापर्यंत साधीच तार आहे, शेवटच्या दीड मीटरला सोनं लावून काय होणार? वायर आयएसआय छापाची, पुरेशी जाड आणि नीट आवळलेली असली की झालं.

आमच्या गटानं आता एक नियम केला आहे. विजेच्या वस्तूसाठी कुणी कर्ज मागितलं की आम्ही तीन प्रश्न विचारतो. घरात अर्थिंग आहे का? आरसीसीबी आहे का? जुनी वस्तू दुसऱ्या घरात लावून पाहिली का? पहिल्या दोनांना नाही उत्तर आलं, तर कर्ज आधी त्यासाठी. सुरुवातीला बायका कुरकुरल्या. मग मी त्यांना वहिनींच्या घरी नेलं.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. कीर्तन चालू होतं. आमची चाहूल लागली तशी त्यांनी हात लांब केला, डबा चाचपला, बटण शोधलं आणि आवाज कमी केला. "कोण आलंय गं?" म्हणाल्या. त्या हाताकडे बघून बायका गप्प झाल्या. त्याच बैठकीत अर्थिंगसाठी चार अर्ज आले.

मैत्रिणींनो, आज घरी एवढंच करा. आपल्या थ्री पिनच्या वरच्या पिना जागेवर आहेत का बघा. आणि त्या भोकामागे खरोखर जमिनीकडे जाणारी तार आहे का, हे वायरमनला विचारा. स्वतः बोर्ड उघडू नका. पुढच्या वेळी भेटू तेव्हा पुन्हा हप्त्यांचं बोलू. नमस्कार.